महिना दहाला सुरू होतो

आमच्या घरी महिना एक तारखेला कधीच सुरू झाला नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात तो एकला सुरू व्हायचा, शाळेच्या हजेरीपटात एकला व्हायचा. आईच्या वहीत मात्र तो दहाला उजाडायचा. दहा तारखेला वडिलांचा पगार. संध्याकाळी ते गिरणीतून आले की पगाराचं पाकीट देवासमोर ठेवायचे. आई हात धुऊन यायची, नोटा दोनदा मोजायची आणि वहीत आकडा लिहून त्याच्याभोवती लाल पेन्सिलीनं गोल काढायची. तो गोल पुढच्या नऊ तारखेपर्यंत पुरवायचा.

परवा पोटमाळा आवरताना त्यातली एक वही हाती लागली. लांबट, लाल कापडी बांधणीची, वाण्याच्या गल्ल्याशेजारी असते तशी. पहिल्या पानावर ‘श्री’ आणि त्याखाली वाळून तपकिरी पडलेलं कुंकवाचं बोट. लक्ष्मीपूजनाला पेढ्यांवर चोपड्या पुजतात. आई त्या दिवशी आपलीही वही पाटावर ठेवायची. “आपली कसली पेढी?” वडील हसायचे. “जमा आहे, खर्च आहे, देणं आहे. अजून काय असतं पेढीत?” हे तिचं दरवर्षीचं उत्तर.

जानेवारी १९८१चं पान. जमा : ६४२ रुपये. खाली खर्च. वाणी २१०, रेशन ७४, खोलीभाडं साडेचौदा, दूध ६६, रॉकेल १२, गावी मनीऑर्डर १००, भिशी ५०, शाळा १८, लाइट १६, गिरणीच्या पतपेढीचा हप्ता ३०, वरखर्च ४०. बेरीज ६३० रुपये ५० पैसे. शिल्लक साडेअकरा. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसांची तोंडमिळवणी झाली, वर साडेअकरा रुपये राहिले.

पहिल्यांदा चाळताना मला हे आकडेच दिसले. दुसऱ्यांदा चाळताना डावीकडचा अरुंद रकाना दिसला, तारखांचा. दूधवाला दहाला, वाणी अकराला, भिशी बाराला, मनीऑर्डर तेराला. वीस तारखेपर्यंत मोठे आकडे संपलेले. पंचवीसनंतर अक्षर बारीक होत जातं : कोथिंबीर चार आणे, आगपेटी, ‘हातउसने ५, वरच्या माळ्यावरून’. आठ आणि नऊ तारखेला बहुतेक महिन्यांत काहीच लिहिलेलं नाही.

घरखर्च म्हणजे बेरीज-वजाबाकी, असं आपण धरून चालतो. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हणही तेच सांगते : लांबी मोजा आणि तेवढ्यात भागवा. त्या वहीनं मला वेगळंच दाखवलं. पैसे किती येतात इतकंच महत्त्वाचं असतं ते कधी येतात, आणि त्याआधी किती जण दारात उभे असतात. गेले काही महिने मी हाच रकाना हातात धरून जुने अहवाल चाळले आणि आजच्या काही घरांत जाऊन बसलो.

बावन्न रुपये आणि एक आणा

मुंबई सरकारनं १९२१ साली कामगारविषयक माहिती गोळा करण्यासाठी ‘लेबर ऑफिस’ स्थापन केलं. त्याचे संचालक जी. फिंडले शिरास यांनी १९२१-२२मध्ये मुंबईतल्या कामगार कुटुंबांचे घरखर्च घरोघर माणसं पाठवून उतरवून घेतले. २,४७३ कुटुंबं. अहवाल १९२३मध्ये आला. या शहरातल्या गरिबाचं अंथरूण त्यात पहिल्यांदा नीट टेप लावून मोजलं गेलं.

कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न ५२ रुपयांच्या आसपास. खर्चातले जवळपास ५७ टक्के खाण्यावर, साडेनऊ टक्के कपड्यांवर, साडेसात टक्क्यांच्या आसपास सरपण आणि दिवाबत्तीवर, तेवढेच घरभाड्यावर. शंभरातली ९७ कुटुंबं एका खोलीत राहत होती. घर जितकं गरीब तितका खाण्याचा वाटा मोठा, हा नियम एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञानं १८५७मध्येच मांडला होता. मुंबईच्या चाळींनी त्याला दुजोरा दिला.

पण अहवालातलं खरं बोचरं वाक्य वेगळं होतं. मुंबईचा कामगार जितकं धान्य खातो ते दुष्काळसंहितेत ठरवलेल्या कमाल शिध्याइतकं आहे, आणि मुंबई इलाख्याच्या तुरुंगात कैद्याला मिळणाऱ्या शिध्यापेक्षा कमी आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. दिवसभर साचा चालवणाऱ्याला कैद्याइतकंही अन्न परवडत नव्हतं. अशा माणसाला ‘पाय आखडते घे’ म्हणणं ही क्रूर थट्टा आहे, आणि घरखर्चावर लिहिणाऱ्यानं हे आधीच कबूल केलेलं बरं. अंथरूणच अपुरं असेल तर वही लिहून ते वाढत नाही.

दुसरी नोंद कर्जाची. ४७ टक्के कुटुंबं कर्जात होती आणि कर्ज साधारण अडीच महिन्यांच्या कमाईएवढं होतं. सावकाराचा सर्वसाधारण दर होता महिन्याला रुपयामागे एक आणा. आण्याचे सहा पैसे आणि पाव पैसा धरले तर वर्षाला ७५ टक्के. मी कागदावर गणित मांडून पाहिलं. ५२ रुपयांचे अडीच महिने म्हणजे १३० रुपये कर्ज. त्यावर महिन्याला १३० आणे व्याज, म्हणजे आठ रुपये दोन आणे. खोलीचं भाडं मात्र चार रुपयांच्या आसपास. या दरानं कर्ज फेडणारं कुटुंब डोक्यावरच्या छपराला देत होतं त्याच्या दुप्पट सावकाराला देत होतं.

हे कर्ज व्हायचं कशामुळे? लग्नं, आजारपण, सणवार ही कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. एक कारण तारखेचं होतं. गिरण्यांत पगार महिन्याचा असायचा आणि तो पुढच्या महिन्याच्या दहा ते पंधरा तारखेदरम्यान व्हायचा. कोकणातून आलेला नवा पोरगा एक तारखेला कामावर लागला तर त्याच्या हातात पहिला पैसा पडायला सहा आठवडे. या सहा आठवड्यांत त्यानं जेवायचं काय? मालकाकडे त्याची दीड महिन्याची मजुरी बिनव्याजी पडून, आणि तो स्वतः रुपयामागे आण्यानं उसने घेऊन जगणार. नोकरी लागली त्याच दिवशी कर्जही लागायचं.

१९३६च्या वेतन प्रदान कायद्यानं या तारखेला लगाम घातला. हजारापेक्षा कमी कामगार असतील तर सात तारखेच्या आत पगार, हजार किंवा जास्त असतील तर दहाच्या आत. आमच्या घरातला लाल गोल दहालाच का, याचं उत्तर मला पन्नाशी ओलांडल्यावर एका कायद्याच्या कलमात सापडलं.

दहा तारखेपर्यंत थांबणारे

महिना पुढे ढकलायचा तर कुणीतरी थांबायला तयार लागतो. गिरणगावात अशा थांबणाऱ्यांची एक साखळीच होती. वाणी थांबायचा, त्याची एक वही दुकानात, दुसरी छोटी गिऱ्हाइकाच्या घरी, दोन्हींत एकच नोंद. खानावळवाली थांबायची. गावाकडे बायकामुलं ठेवून आलेले गडी महिनाभर तिच्याकडे जेवत आणि पगाराला पैसे चुकते करत. पण तिच्यासाठी कोण थांबणार? ती वाण्याकडून चढ्या भावानं उधार माल उचलायची, अडली की दागिना गहाण टाकायची. महिन्याभराची सगळ्यांची भूक तिच्या अंगावर यायची. १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांसाठी. त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांची छोटी कर्जं मिळवून दिली आणि सावकाराच्या तारखेतून सोडवलं.

दुसरी वाट भाव खाली आणण्याची. १९४८मध्ये नायगावात गिरणी कामगारांमध्ये काम करणाऱ्या मंडळींनी सहकारी ग्राहक भांडार काढलं, तेच पुढे ‘अपना बाजार’ म्हणून मुंबईभर पसरलं. १९७५च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. तिची रीत आजही मला फार शहाणपणाची वाटते. दहा-बारा किंवा अधिक घरांचा एक संघ. महिन्याची यादी आधी भरून द्यायची, माल ठरलेल्या दिवशी कुणा एका सभासदाच्या घरी येणार आणि सगळ्यांनी मिळून तो वाटून घ्यायचा. यादी आधी, माल नंतर. दुकानात गेल्यावर आठवणाऱ्या वस्तूंना तिथे जागाच नाही. आमच्या मावशीच्या संघाचं वाटप गोरेगावात व्हायचं. बैठकीच्या खोलीत साखर, रवा, शेंगदाण्यांचे ढीग, मधे वजनकाटा आणि भोवती मांडी घालून बसलेल्या बायका. कुणाच्या पिशवीत काय आणि किती, हे सगळ्यांना दिसायचं. उधळपट्टीवर याहून मोठा पहारा कुठला?

आणि सगळी साखळी ताणून संपली, तेव्हा बायका रस्त्यावर आल्या. १९७२चा दुष्काळ, रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो, गोडेतेल-रॉकेल गायब. त्या वर्षी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बाया एका मंचावर. हातात लाटणी, थाळ्यांचा नाद. घरातल्या वहीचा हिशेब जुळेना तेव्हा त्यांनी तो सरकारला विचारला. आई एकदाच गेली होती मोर्चाला. लाटणं परत आणलं का, एवढंच आजीनं विचारलं म्हणे. घरात ते एकच होतं.

गोल नसलेली पानं

१८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. वहीत १० फेब्रुवारीला शेवटचा लाल गोल आहे, नेहमीपेक्षा बराच लहान आकडा, शेजारी लिहिलंय ‘१७ दिवसांचे’. १० मार्चला नुसती तारीख. एप्रिलपासून तारखा बदलतात. दहाला सुरू होणारं पान बंद होतं आणि रोजच्या नोंदी सुरू होतात. महिना जाऊन दिवस उरला.

त्याच सुमारास आईनं पापड लाटायला घेतले. १९५९मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेला लिज्जतचा उद्योग तोवर घरोघर पोचला होता. सकाळी पीठ आणायचं, आदल्या दिवशीचे पापड वजन करून द्यायचे, मजुरी घ्यायची. पैसे थोडेच, पण रोजचे. महिनाभर थांबायला लागत नाही, याचं मोल त्या वर्षी आम्हाला कळलं. वडील दोनदा गावी जाऊन आले, भात लावला, परतले. चाळीतली कितीतरी घरं कुलूप लावून कोकणात, घाटावर गेली, त्यातली काही परतलीच नाहीत.

वाणी मार्चपर्यंत थांबला, मग एप्रिलमध्ये म्हणाला, “वहिनी, मलाही पुढे द्यावे लागतात.” त्याचं चुकलं नव्हतं. मंगळसूत्राच्या वाट्या गहाण ठेवल्या त्या सावकाराचं नाव आईनं वहीत लिहिलेलं नाही. फक्त ‘दुकान’ आणि पुढे व्याजाचा आकडा, दर महिन्याला तोच. तीन वर्षं व्याज भरलं. मुद्दल भरायची वेळ आली तेव्हा पावतीवरची मुदत संपली होती. वाट्या गेल्या. तीन वर्षांच्या व्याजात तेवढ्या वाट्या नव्या आल्या असत्या, हे मी नंतर हिशेब करून आईला सांगितलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “ते मला तेव्हाच येत होतं.”

संप अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही. तो नुसता विरत गेला, गिरण्या बंद होत गेल्या आणि त्यांच्या जागी काय उभं राहिलं ते लोअर परळला उतरणारा कुणीही पाहतो.

पाचला हप्ता, सातला पगार

डोंबिवलीत एका घरी गेलो. नवरा खासगी कंपनीत, बायको घरी शिकवण्या घेते. मिळून पंचावन्न हजार. दोन खोल्यांच्या घरासाठी ३० लाखांचं कर्ज, वीस वर्षं, साडेआठ टक्के : महिन्याला २६,०३५ रुपये. वीस वर्षांत फेडायचे साडेबासष्ट लाखांच्या जवळ. व्याजदर एक टक्क्यानं चढला तर हप्ता २७,९६४. हे सगळं त्या वहिनींना तोंडपाठ होतं.

“आकड्यानं नाही मारलं, तारखेनं मारलं,” त्या म्हणाल्या. मी वहीबद्दल अजून काही बोललोही नव्हतो.

पगार सातला, हप्ता पाचला. दोन दिवसांचा फरक. कंपनीनं पगार एकवरून सातवर नेला तेव्हा हे झालं. पहिल्याच महिन्यात हप्ता परत गेला. बँकेनं ५९० रुपये दंड लावला, कर्ज देणाऱ्यांनीही तेवढाच. पुढच्या महिन्यात ही ११८० रुपयांची खोट भरायला क्रेडिट कार्ड काढलं, आणि मग कार्डाची तारीख आली.

कार्डाचं गणित आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बसून केलं. ४० हजारांची थकबाकी, महिन्याला साडेतीन टक्के. व्याज १,४०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, २५२ रुपये. किमान रक्कम म्हणून २,००० भरले तर मुद्दलातून कमी झाले ३४८. वहिनींनी तो आकडा दोनदा गिरवला. साडेतीन टक्के म्हणजे १९२३च्या सावकाराच्या आण्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. शंभर वर्षांत प्रगती झाली ती एवढी. शिवाय हा सावकार दारात येत नाही, फोनवर धन्यवादही देतो.

त्यांनी यातून वाट कशी काढली ते लिहिण्यासारखं आहे. कार्डाचं थकलेलं साध्या, कमी व्याजाच्या कर्जात वळवलं. बिनकामाचं पडलेलं दुसरं बचत खातं फक्त हप्त्यासाठी ठेवलं. सातला पगार आला की त्याच संध्याकाळी पुढच्या पाचचा हप्ता तिकडे. तो अठ्ठावीस दिवस तिथे नुसता पडून राहतो. “खात्यात दिसतात ते सगळे आपले नसतात, हे डोक्यात बसायला वर्ष गेलं.” नंतर शिकवण्यांच्या पैशातून एक पूर्ण हप्ता राखीव साठवला. त्याला अकरा महिने लागले. आता पगार चार दिवस लांबला तरी घरात कुणाचा आवाज चढत नाही.

त्यांनी आणखी एक केलं : एक महिना सगळा खर्च हातानं लिहिला. यूपीआय २०१६मध्ये आलं आणि पाकीट हलकं झाल्याचं बोटांना कळणं बंद झालं. फोनमध्ये नोंद असते, पण कुणाला दिले ते असतं, कशासाठी ते नसतं. हातानं लिहिल्यावर शंभर रुपयांच्या आतले ६१ व्यवहार निघाले, मिळून २,३४० रुपये. त्यातलं वायफळ किती? “अर्धंसुद्धा नाही,” त्या म्हणाल्या. “रिक्षा, झेरॉक्स, पोराचा वडापाव. पण आता ते मला माहीत आहे.”

देशाचे आकडे याच घराची मोठी सावली आहेत. २०२३-२४च्या कुटुंब उपभोग खर्च सर्वेक्षणात शहरी भारताचा दरमाणशी मासिक खर्च ६,९९६ रुपये, ग्रामीण ४,१२२. त्यात खाण्याचा वाटा शहरात सुमारे ४० टक्के, गावात ४७. शिरास यांच्या ५७पेक्षा बराच कमी, आणि एंगेलच्या नियमानं ही आनंदाची गोष्ट. पण ताटातून सुटलेला पैसा हातात राहिलेला नाही. कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत २०२२-२३मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ५ टक्क्यांवर आली, कित्येक दशकांतला तळ. कर्जं वाढली तेवढी ती खचली. वाण्याची वही गेली, तिच्या जागी महिन्याच्या वेगवेगळ्या तारखांना आपोआप कापून जाणारे हप्ते आले : घर, गाडी, फोन, शाळेची फी. वाण्याला ‘चार दिवस थांबा’ म्हणता येत होतं.

लालबागेतच, आमच्या जुन्या चाळीजवळ, एका वाण्याच्या दुकानात दुपारभर बसलो. उधारीची वही त्यानं केव्हाच बंद केली. पण महिना त्याला अजून दिसतो. “पहिल्या आठवड्यात लिटरची पिशवी. वीसनंतर पाव लिटर. पंचवीसनंतर शाम्पू, चहा, डिटर्जंट, सगळं पुडीत.” पुडीतला बराचसा माल वजनाला महाग पडतो हे गिऱ्हाइकाला कळत नाही का? “कळतं ना. पण लिटरचे पैसे एकदम द्यावे लागतात.”

कळव्याचा एक पोरगा, खाण्याच्या डिलिव्हरीवर. त्याला पैसे आठवड्याला मिळतात, पेट्रोल रोज लागतं, खोलीचं भाडं महिन्याला. पहिल्या तीन आठवड्यांत श्रीमंत, चौथ्यात कंगाल. त्यानं शोधलेला उपाय असा : दर आठवड्याला भाड्याचा चौथा हिस्सा सांगोल्याला आईच्या खात्यावर. “तिला सांगून ठेवलंय, मी रडलो तरी तीस तारखेच्या आत देऊ नको.” एकदा तो खरंच रडला होता. तिनं दिले नाहीत.

वर्षाचा महिना

पगारवाल्यांचं निदान महिन्याला उजाडतं. शेतकऱ्याचा महिना पीक निघालं की येतो, म्हणजे वर्षातून एकदा नाहीतर दोनदा. बीडकडच्या ऊसतोड जोडप्याचा तर उलटाच. मुकादमाकडून उचल आधी घ्यायची, दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या दिशेनं निघायचं आणि ती थंडीभर कोयत्यानं फेडायची. पैसा आधी येऊन आधीच संपलेला असतो; पुढे कामच काम.

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला, दुष्काळी माण तालुक्यात, चेतना सिन्हा यांनी १९९७मध्ये बायकांची सहकारी बँक काढली. मूळ गोष्ट साधी होती. रस्त्याकडेला राहून लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी छपरावर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता, त्यासाठी रोज थोडे पैसे साठवायचे होते, आणि तिचं खातं उघडायला कुणी तयार नव्हतं. परवान्याचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं नाकारला. प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या बायका साक्षरतेच्या वर्गाला बसल्या आणि पुन्हा गेल्या. आम्हाला वाचता येत नसेल, पण व्याज कुठल्याही रकमेवर तोंडी काढून दाखवतो, असा त्यांचा दावा होता. मला त्या कागदाची तारीख महत्त्वाची वाटते. मृग सात जूनच्या सुमारास लागतो. बाईला नेमकं माहीत होतं की कुठल्या दिवसाआधी किती पाहिजेत. तिचं अंदाजपत्रक तयार होतं. ते ठेवायला फक्त जागा नव्हती.

बचत गट चालतो तोही याच जोरावर. महिन्याची बैठक, ठरलेली तारीख, शंभर किंवा दोनशे रुपये, बहुतेक गटांत आपसांतल्या कर्जाला महिन्याला दोन टक्क्यांच्या आसपास व्याज. ते व्याज गटाच्याच पेटीत येतं. २०२४पासून लाडकी बहीण योजनेचे दीड हजारही या बायकांच्या हिशेबात आले. रक्कम ठरलेली, पण ती खात्यात पडण्याचा दिवस पुढेमागे होतो. म्हणून त्या पैशावर हप्ता बांधायचा नाही, असा एका गटानं स्वतःपुरता नियमच केला आहे. तो पैसा त्या ‘वरचा’ म्हणतात. शेळी, शिलाई मशीनची दुरुस्ती, दवाखाना, अशा तारीख नसलेल्या खर्चाला तो राखून ठेवतात.

तांदळाचा डबा

आईचे चार डबे होते. तांदळाच्या डब्यात तळाशी शाळेचे पैसे, डाळीत गणपतीचे, कडधान्यात दिवाळीचे, आणि पिठाच्या डब्यात आजारपणाचे. पिठात हात रोज जातो, मग तिथे का? “रोज दिसले म्हणजे रोज वाटतं, हे नकोत लागायला.”

खर्च अचानक आला असं आपण म्हणतो, पण जूनमधली शाळा, भाद्रपदातला गणपती आणि आश्विनातली दिवाळी कधी अचानक येत नाहीत. आजच्या घराचं धरू : शाळेचे ३६ हजार, विम्याचे १८, गावी जायचे १५, दिवाळीचे १५. मिळून ८४ हजार. बारांनी भागलं की महिन्याला सात हजार. ते पगाराच्याच दिवशी बाजूला गेले तर त्या घराला पंचावन्न हजारांत भागतंय की अठ्ठेचाळीस हजारांत, हे खरं कळतं. जुन्या नोकरदारांच्या घरात हे काम दिवाळीचा बोनस करायचा. कायद्यानं किमान ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, एक अख्खा जादा महिना. कंत्राटी नोकरीत हा तेरावा महिना बहुतेकांच्या नशिबी उरलेला नाही. तो आता ज्याचा त्यानं बारा महिन्यांतून कापून तयार करायचा.

एवढंच करता येतं : तारखा एका कागदावर उतरवायच्या, येणारा पैसा आणि जाणारा पैसा यांच्यामधली दरी मोजायची, आणि ती स्वतःच्या पैशानं भरून काढायची, म्हणजे दुसऱ्याच्या व्याजानं भरावी लागत नाही. ज्यांच्याकडे भरायलाच काही नाही, त्यांच्यासाठी कुणीतरी थांबावं लागतं.

संपाच्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यात आली. वहीत त्या पानावर जमा काही नाही. खर्चात पणत्या, उटणं, तेल. त्याखाली एक ओळ आहे : ‘रवा २ किलो, साखर १ किलो, समोरच्या ताईंकडून’. ताईंचे यजमान महापालिकेत होते, त्यांच्याकडे पगार चालू होता. आईच्या वहीत प्रत्येक देण्यापुढे परत करायची तारीख असते. दुकानाच्या व्याजापुढे आहे, वाण्यापुढे आहे, पाच रुपयांच्या हातउसन्यापुढेही आहे. या ओळीपुढचा रकाना मात्र तिनं कोरा सोडलेला. ताईंनी तारीख विचारली नव्हती.

त्या वर्षीच्या लाडूंची चव मला आठवते, बेदाणे नव्हते हेही आठवतं. ही ओळ मी पोटमाळ्यावर बसून वाचेपर्यंत मला माहीत नव्हती. कोऱ्या रकान्यात वेगळ्या शाईनं, नंतर कधीतरी लिहिलंय : ‘पोचते केले. पाडवा, १९८४.’ आणि त्या तारखेभोवती लाल पेन्सिलीनं गोल.